कावेरी पूर्वेला जाते

मालपे
३० जुलै २०२५

दादा,

"पावसाळ्यात समुद्र कुणाला पाहुणा म्हणून घेत नाही," असं अप्पा एकदा म्हणाले होते. मी सहावीत होते. आषाढातल्या एका रविवारी मालप्याला जाऊ या म्हणून मी मागे लागले, आणि अप्पांनी पेपरातून मान वर न करता एवढं एकच वाक्य बोलून विषय मिटवला. तू माझ्या मागे उभा राहून हसला होतास. पस्तीस वर्षांनी मी मुद्दाम पावसाळ्यातच इथे आलेय. समुद्राला घ्यायचं नसेल तर न घेवो.

रविवारी तू म्हणालास, "बागिनाचं परत तोंडातून काढलंस तर मला फोन करायचा नाही." ठीक आहे, फोन करत नाही. पत्राचं तू काही बोलला नव्हतास.

मे महिन्यात आपण बारा-बारा माणसं यायचो तेच हे मालपे, पण ओळखू येत नाही. भेळेच्या गाड्या निळ्या ताडपत्रीत बांधून ठेवल्यात. पाण्यापासून वीस पावलांवर लांबच लांब जाळं ताणलंय, त्याला लाल फडकी. त्याच्या पलीकडे कुणी जायचं नाही. दोन महिने बोटीही बंद आहेत, सगळ्या धक्क्याला खेटून उभ्या. पाणी चिखलाच्या रंगाचं आणि आवाज असा, की खिडकी लावली तरी बोलताना गळा ताणावा लागतो. माझ्याशी बोलायला कुणी नाही, त्यामुळे अडत नाही.

लॉजच्या मालकीणबाई यशोदक्का. साठीच्या पुढच्या. मला बघून म्हणाल्या, "ओब्रेना?"

"हो, एकटीच."

"मग निवडा खोली. बारा आहेत, बाराही रिकाम्या. मे महिन्यात आला असता तर जिन्याखाली झोपवलं असतं तुम्हाला."

मी समोरची घेतली, समुद्राकडची. दर मे महिन्यात ती तू, अप्पा आणि नागोजीकाका घ्यायचात. आम्ही बायका मागे, पाण्याच्या टाकीशेजारी. समोरच्या खोलीतून काय दिसतं ते मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता मुद्द्याचं. आपली गौर सव्वीस ऑगस्टला आहे, गणपतीच्या आदल्या दिवशी. दर श्रावणात मी जयलक्ष्मीपुरमच्या माझ्या घरून चार दिवस नजरबादला तुमच्याकडे येते आणि सुपातून द्यायच्या वाणाच्या, म्हणजे बागिनांच्या, पुड्या बांधते. तांदूळ, तूर, मूग, हरभरा, रवा, गूळ. निवडायचं मी, बांधायचं मी. बांगड्या मापाप्रमाणे लावायच्या मी. सुपाला हळद लावायची वेळ आली की वहिनी हळूच म्हणतात, "वन्सं, तुम्ही चहा घ्या आता." मी उठते. तीन वर्षं उठतेय.

लग्नानंतर सतरा वर्षं माझं बागीन तू स्वतः आणून दिलंस. पहिल्या वर्षी उपेंद्रला काही कळेना. सांगलीचा माणूस तो, म्हणाला, "तुझ्या भावानं किराणा पाठवलाय का?" पुढे गौर जवळ आली की तोच दाराकडे डोळे लावून बसायचा. सुपातला गूळ त्याचा, हे ठरलेलं होतं. तो गेला त्या वर्षी तू आला नाहीस. मी त्या दिवशी दार पुसून रांगोळी काढली होती.

या वर्षी मी पुड्या बांधायला येणार नाही. साठलेली रजा आहे, बावीस तारखेपर्यंत इथेच आहे. आणि या गौरीला मला माझं बागीन हवं आहे. फोनवर मागितलं तेच लिहून मागतेय.

तुझी
सुष्मी


नजरबाद, म्हैसूर
४ ऑगस्ट

चि. सुष्मा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "काय सार, अजून पत्रं येतात तुम्हाला?" मराठी लिहून मला किती वर्षं झाली. अप्पा कन्नडमधलं पत्र घ्यायचे नाहीत म्हणून बेळगावहून लिहायचो, तेच शेवटचं. जोडाक्षरं चुकली तर हसू नको. तुला भावजींनी शिकवलं. मला कोण शिकवणार?

नोडु सुष्मी, हे बघ, सुम्ने उगाच हट्ट धरलायस तू. बागीन मुत्तैदेला देतात, सवाष्णीला. हा नियम मी काढलेला नाही. आजीच्या वेळेपासून आहे, अप्पांनी पाळला, मी पाळतोय. मी तुला काय कमी केलं का? दिवाळीला साडी पाठवतो की नाही? गेल्या वर्षीची तर खऱ्या जरीची होती. तुझी लेक गुंजन पुण्याहून आली की तिला पण ड्रेस. मत्ते अजून काय पाहिजे?

आणि मी हो म्हटलं तरी तारा ऐकायची नाही. तिच्या माहेरचे याबाबतीत फार कडक, तुला माहीत आहे. घरात गौर बसवायची ती. तिच्या मनाविरुद्ध मी काय करणार?

दुसरी गोष्ट. नागोजीकाकांचा नातू प्रद्युम्न मणिपालला शिकतो. तो शनिवारी मालप्याला गेलेला. त्यानं घरी सांगितलं, सुष्माआत्या बीचवर होती आणि एक माणूस तिच्यावर छत्री धरून चालत होता. काकांनी मला देवळात गाठून विचारलं. मी काय सांगू? कोण तो माणूस? खोली एकाची घेतलीस की दोघांची? मला वाटतं म्हणून विचारत नाही, मला विचारतात म्हणून विचारतो.

इकडे पुड्यांचं काम पडून आहे. सौम्या बसली होती काल. एक पुडी बांधते तोवर दोन सुटतात. म्हणते, "प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशव्या आणू या की, पप्पा." अय्यो, आता सुपात झिपवाल्या पिशव्या बघायच्या का? तुझ्यासारखी पुडी कुणाला जमत नाही. शुक्रवारी सकाळची बस धर, संध्याकाळी घरी पोचशील. झालं ते झालं, मी काही बोलणार नाही.

तुझा
दादा


मालपे
८ ऑगस्ट

दादा,

आज शुक्रवार. सकाळची बस गेली. मी तिच्यात नव्हते.

आधी छत्रीवाल्याचं. तो इथला होमगार्ड. जाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिट्टी वाजवत फिरतो. मोसमात त्याला शिट्टी तोंडातून काढता येत नाही म्हणे, आता शिट्टी ऐकायला मी एकटीच. पहिल्याच दिवशी माझ्यावर ओरडला, "अम्मा, हिंदे बन्नी! मागे या!"

मी म्हटलं, "जाळ्याच्या आतच आहे की मी."

"पाय आत आहेत. नजर बाहेर आहे. आधी नजर जाते, मग पाय जातात. बारा वर्षं हेच बघतोय."

शनिवारी वाऱ्यानं माझी छत्री उलटी झाली आणि काड्या मोडल्या, तेव्हा त्यानं आपली धरून मला लॉजपर्यंत सोडलं. वाटेत सबंध वेळ आपल्या सुनेबद्दल तक्रार करत होता. प्रद्युम्नला म्हणावं, आत्याला ओळखलंस तर चार पावलं पुढे येऊन हाक मारायचीस. निदान सुनेच्या गोष्टीतून सुटले असते.

आणि खोली दोघांची आहे. दुसऱ्या पलंगावर माझ्या ओल्या साड्या असतात. इथे तीन-तीन दिवस काही वाळत नाही. नागोजीकाकांना हे जसंच्या तसं सांग.

आता तुझा नियम. बागीन सवाष्णीला देतात म्हणतोस. मग मला एक सांग. ते येत होतं तेव्हा त्यावर उपेंद्रचं नाव असायचं का? ते सासरहून यायचं का? माझ्या माहेराहून यायचं, तुझ्या हातानं, आपल्या अप्पांच्या, मालोजीरावांच्या लेकीला. नवरा गेला. माहेर कसं काय गेलं? नजरबादचं घर तिथेच आहे, तू तिथेच आहेस, पुड्या बांधायला मी हवीच आहे. एवढं सगळं जागच्या जागी असताना बागीन मात्र उपेंद्रबरोबर निघून गेलं. उपेंद्रला हे ऐकवलं असतं तर तो म्हणाला असता, तुझा भाऊ कमालीचा हुशार आहे.

साड्यांबद्दल. सुंदर असतात. एकही नेसलेली नाही. ती साडी बहिणीची नसते दादा, न दिलेल्या बागिनाची असते. खोका उघडला की मला ते कळतं.

तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी गौरीच्या आधी मी मंडी मोहल्ल्यात गेले होते. बुरुडांच्या दुकानात नव्या सुपांचा वास येत होता. मी एक जोडी उचलली. दुकानदार म्हणाला, "हळदीची घ्या की अम्मा, पुजेचीच ना? कुणाला द्यायचीत?" आणि मी म्हटलं, "वहिनीला." दादा, मला 'मला' म्हणता आलं नाही. पैसे दिले, सुपं घेऊन बसस्टॉपपर्यंत आले आणि तिथल्या बाकावर ठेवून बसमध्ये चढले. ती खोटं बोललेली बाई मला अजून आवडत नाही. मला वाटतं, मी तुझ्यावर चिडलेय त्यातलं अर्धं तिच्यावर चिडलेय.

मी इथे आल्यापासून विचार करतेय की मला नक्की काय हवंय. तूरडाळ नको. माझ्या घरी डबा भरलेला आहे. फणी-आरसाही नको. मला हवंय की वर्षातून एका दिवशी कुणीतरी नजरबादहून निघावं ते माझ्याचकडे यायला. एवढंच हवंय, आणि एवढंही मागून घ्यावं लागतंय याची लाज वाटते. पण न मागता तीन वर्षं बसले तेव्हाही लाजच वाटत होती, म्हणून ही लाज मी निवडलीय.

यशोदक्कांचे यजमान सोळा वर्षांपूर्वी गेले. कपाळावर रुपयाएवढं कुंकू असतं. मी काल धीर करून विचारलं. त्या माझ्यासाठी बांगड्याचं कालवण वाढत होत्या, वाढता वाढता म्हणाल्या, "नवरा गेला. कपाळ आहे तिथंच आहे. भात घालू?"

मी भात घेतला. भरपूर जेवले.

शुक्रवारी येणार नाही. झिपवाल्या पिशव्या आणा.

सुष्मी


नजरबाद
१५ ऑगस्ट

चि. सुष्मास,

पत्र मिळून चार दिवस झाले. लिहायला बसायचो आणि उठायचो. आज सुट्टी आहे. झेंडावंदन करून आलो, आता बसलोय.

मंडी मोहल्ल्याचं वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. तू तसं लिहायला नको होतं. आता मी पण एक सांगतो. भांडू नको.

तू दर वर्षी आठ बागिनांच्या पुड्या बांधतेस. सहा आपल्या बायकांची, सातवं गौरीपुढं ठेवतो. आठवं कुणाचं म्हणून तू पहिल्या वर्षी विचारलंस. मी म्हटलं, भटजींच्या बायकोचं. भटजींची बायको वारून दहा वर्षं झाली. तू विसरलीस, आणि परत विचारलं नाहीस.

ते तुझं आहे.

भावजी गेले त्या वर्षी मी तुझी सुपं आणली होती. सवयीनं आणली. घरी आल्यावर लक्षात आलं. परत कशी करायची? दुसऱ्याला देववेना. गौरीच्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा ते बागीन रेशनच्या पिशवीत घातलं, वर पेपर टाकला आणि स्कूटरवरून श्रीरंगपट्टणला गेलो. पश्चिमवाहिनीला. भावजींच्या अस्थी आपण तिथंच सोडल्या होत्या ना. पाण्यात सोडलं आणि म्हटलं, हे सुष्मीचं. तिथं कावेरी पश्चिमेला वळते म्हणून ती जागा पवित्र. पुढच्या वर्षी पण गेलो. गेल्या वर्षी पण. पावसाळ्यात धरण भरलं की सरकार पण नदीला बागीन देतं, मग मी दिलं तर काय चुकलं? ती पण कुणाची तरी बहीणच.

म्हणजे तुझं बागीन एकदाही चुकलेलं नाही. तू बांधलंस, मी पोचवलं. तू समजतेस तसं नाही.

पण दारात आणून देणं मला जमणार नाही सुष्मी. तू मला भित्रा म्हणशील. म्हण. जयलक्ष्मीपुरमला निम्मे लोक आपल्या ओळखीचे. काका ऐंशीचे आहेत, ते या घरी पाय ठेवायचे नाहीत. सौम्याचं लग्न व्हायचंय. ताराच्या माहेरचे किती कडक ते मी लिहिलंच होतं. नदीला दिलं ते तुलाच दिलं असं समज. या वर्षी पण जाईन. साकु, पुरे आता, हा विषय संपव. तू ये. पुड्या नको बांधू, नुसती येऊन बस.

तुझा
दादा

(मागच्या बाजूला, निळ्या पेननं)

वन्सं, हे पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. डिंक ओला होता, उघडलं. तुमचं आधीचं पत्र यांच्या शर्टाच्या घडीत सापडलं होतं, तेही वाचलंय. माझ्या माहेरचे फार कडक आहेत, हे मला आज कळलं. आठवं बागीन ऑफिसातल्या साहेबांच्या बायकोला जातं, असं मला सांगितलेलं होतं.

तुम्हाला चहाला उठवायची ती मी. ते कुणी सांगितलं म्हणून नाही, मीच. सासूबाई असंच करायच्या ते बघून केलं. पण द्यायचं की नाही, हे मला तीन वर्षांत कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, खरंच सांगता येत नाही. विचारायला मात्र हवं होतं. मी लिहिलंय हे यांना कळू देऊ नका.
– तारा


मालपे
१९ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा खोलीत आणि एकदा जाळ्यापाशी जाऊन. होमगार्ड म्हणाला, "काय अम्मा, वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, भावाचं पत्र." तो म्हणाला, "मग तेच की." त्याचंही बहिणीशी बोलणं नाही. इथे पावसाळ्यात सगळे आपापल्या भावंडांचं सांगत बसतात, दुसरं काम नसतं.

आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. तू विसरला नव्हतास. तीन वर्षं मला वाटत होतं, नजरबादच्या घरात त्या दिवशी माझं नावसुद्धा निघत नसेल. आणि तू उन्हातून स्कूटर हाकत माझं नाव घ्यायला जात होतास. पेपरखाली झाकलेलं ते सूप डोळ्यासमोर आलं आणि मी रडले.

मग राग आला, आणि आधीपेक्षा जास्त आला. तू विसरला असतास तर मी म्हटलं असतं, दादा विसरभोळा आहे. तू विसरला नव्हतास. तू लपवलंस. मीच माझ्या हातानं माझ्या बागिनाची डाळ निवडली, कुणा मेलेल्या बाईच्या नावानं निवडली, तू समोर बसून बघितलंस आणि तरी बोलला नाहीस. सरकार नदीला बागीन देतं म्हणतोस. सरकार बँड लावून देतं दादा, पिशवीत घालून नेत नाही.

आणि पश्चिमवाहिनीला कावेरी पश्चिमेला वळते, ती हाकेच्या अंतरापुरती. पुढे ती परत पूर्वेलाच जाते. मला माहीत आहे, उपेंद्रला सोडलं तेव्हा मी पात्राकडे बघत बराच वेळ उभी होते. तू सोडलेलं सूप फार तर उपेंद्रपर्यंत पोचलं असेल. चांगलं झालं, गूळ त्याचाच होता. पण मी नदीत नाही. मी जयलक्ष्मीपुरमच्या दुसऱ्या मजल्यावर राहते, दारावर पाटी आहे, बेल चालू आहे. नदीला दिलं ते मला दिलं असं मी समजणार नाही. मेलेल्या माणसांना पाण्यातून पोचवतात. मी जिवंत आहे, आणि मला हातात हवंय.

नागोजीकाका येणार नाहीत म्हणतोस. न येवोत. उपेंद्र दवाखान्यात होता तेव्हाही आले नव्हते. सौम्याच्या लग्नाचं म्हणशील, तर तिला विचारून बघ, आत्या मांडवात कुठे बसलेली हवी आहे ते. आणि तारावहिनी ऐकायच्या नाहीत, असं तू लिहिलंस. मी त्यांच्या वतीनं काही बोलणार नाही. पण तूही त्यांच्या वतीनं बोलू नकोस. समोर बसून एकदा विचार आणि त्या काय म्हणतात ते मला त्यांच्या अक्षरात लिहून पाठव.

बंदी उठून बोटी कधीच्या समुद्रात गेल्यात. धक्का रिकामा आहे. आठवडाभरात माणसं यायला लागतील म्हणे, यशोदक्कांनी गाद्या उन्हात टाकल्यात. मी बावीसला निघते. शेवटचे तीन दिवस समोरच्या खोलीसाठी एक कुटुंब विचारत होतं, बारा माणसांचं. यशोदक्का म्हणाल्या, "तुम्ही मागची घ्याल का? एकट्याच तर आहात." मी म्हटलं, नाही. एवढं एक 'नाही' मला इतक्या सहज म्हणता आलं, की त्यांनी पुन्हा विचारलंच नाही.

मी नजरबादला 'नुसती येऊन' बसणार नाही. या वर्षी मी माझ्या घरी असेन.

तर हे माझं मागणं. सव्वीसला मंगळवार आहे. सकाळी दहा वाजता, भरल्या रस्त्यानं, स्कूटरवर ये. सुपं पिशवीत घालू नकोस, वर पेपर टाकू नकोस. हळद लावलेली सुपं सगळ्यांना दिसतील अशी पुढ्यात धर. मागे वहिनींना बसव. फाटकापाशी वॉचमननं विचारलं, कुणाकडे, तर हळू बोलू नकोस. सांग, माझ्या बहिणीकडे. वर येऊन सुपं माझ्या ओच्यात घाल, आणि वहिनींना मला कुंकू लावू दे.

तू नाही म्हणशील. तुझं ते पत्र कसं सुरू होईल तेही मला माहीत आहे, 'नोडु सुष्मी'. तरी मी हे मागते आहे. ये, दादा.

सुष्मी